पडद्यावरचा कॅन्सर : सांगायचा कुणी आणि कुणाला?

अकिरा कुरोसावांच्या ‘इकिरू’मध्ये (१९५२) दवाखान्याच्या बाकावर बसलेला एक अनोळखी माणूस शेजारच्या वातानाबेला, म्हणजे सिनेमाच्या नायकाला, न विचारताच ज्ञान देतो. पोटाचा कॅन्सर असला तर डॉक्टर तसं कधीच म्हणत नाहीत. साधा अल्सर आहे, ऑपरेशनची गरज नाही, पचेल ते खा, असं म्हणतात. आणि तसं म्हणाले की समजायचं, वर्षसुद्धा उरलेलं नाही. थोड्या वेळाने वातानाबे आत जातो आणि डॉक्टर जवळपास त्याच शब्दांत त्याची समजूत घालतात. प्रेक्षकाला मात्र सिनेमा सुरू होतानाच वातानाबेच्या पोटाचा एक्स-रे दाखवून झालेला असतो. म्हणजे आजार आपल्याला आधी कळतो, ज्याचा आहे त्याला नंतर.

यात कुरोसावांनी काही वाढवून सांगितलेलं नाही. जपानमध्ये रिवाजच तो होता. सम्राट हिरोहितोंना कॅन्सर होता, हे १९८९ साली त्यांच्या निधनानंतरच अधिकृतपणे जाहीर झालं. हॉलिवूडही वेगळं नव्हतं. ‘डार्क व्हिक्टरी’त (१९३९) बेटी डेव्हिसच्या मेंदूतली गाठ काढल्यावर डॉक्टर आणि मैत्रीण मिळून तिच्यापासून खरं लपवतात आणि तिला ते कळतं स्वतःची फाइल हाती लागल्यावर. १९६१मध्ये शिकागोतल्या डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ९० टक्के डॉक्टर रुग्णाला कॅन्सरचं निदान सहसा सांगत नव्हते. १९७९मध्ये अमेरिकेतच तसेच प्रश्न पुन्हा विचारले गेले, तर ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले.

अठरा वर्षांत एवढी उलथापालथ होण्यामागे नुसता मनाचा मोठेपणा नव्हता. एकदाच ऑपरेशन करून घरी पाठवायचं असेल, तर ‘अल्सर होता’ म्हणून निभावून नेता येतं. दर २१ दिवसांनी केमोला बोलवायचं, केस जाणार हे आधी सांगायचं, नव्या औषधाच्या चाचणीसाठी लेखी संमती घ्यायची, तर लपवणार कसं? उपचार लांबले तसं खोटं बोलणं अवघड होत गेलं. ‘कॅन्सरसह जगणं’ हा सिनेमाचा विषय होऊ शकला तो यानंतर. तोवर विषय होता तो कॅन्सरने मरण्याचा.

हिंदीत ‘आनंद’ (१९७१) या बाबतीत काळाच्या पुढे होता. हृषीकेश मुखर्जींच्या या नायकाला सगळं ठाऊक आहे. आतड्याच्या लिम्फोसार्कोमाचं (लसिका पेशींच्या कॅन्सरचं) नाव तो मिरवल्यासारखं घेतो आणि रडण्याचं काम डॉक्टरवर सोडतो. त्याच्याभोवतीची माणसंही बघा : रमेश देव, सीमा देव, ललिता पवार, दुर्गा खोटे. मुंबईतल्या या मरणाला मराठी शेजार भरपूर होता. लिम्फोसार्कोमा हे नाव पुढे मागे पडलं आणि तो आजार नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या गटात गेला. त्यातले अनेक प्रकार आज केमो आणि रिटक्सिमॅब या औषधाने आटोक्यात येतात, बरेच रुग्ण पूर्ण बरेही होतात. आनंद आज ओपीडीत आला असता तर ‘सहा महिने’ हे उत्तर त्याला इतक्या सहज मिळालं नसतं.

आनंदचा धडा पुढच्या सिनेमांनी घेतला नाही. त्यांनी उचलला तो ब्लड कॅन्सर, आणि त्याचं कारण उघड आहे : जखम नाही, गाठ नाही, ऑपरेशनचा व्रण नाही. नायिका शेवटच्या रिळापर्यंत देखणी राहते, फार तर नाकातून रक्ताची एक रेघ. वास्तविक १९४८मध्येच बोस्टनला डॉक्टर सिडनी फार्बरने अमिनोप्टेरिन हे औषध देऊन ब्लड कॅन्सर, म्हणजे ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांपैकी १० जणांमध्ये तात्पुरती का होईना, सुधारणा दाखवली होती. सत्तरच्या दशकात मोठ्या केंद्रांत मुलांच्या ल्युकेमियापैकी निम्म्याच्या आसपास रुग्ण बरे होऊ लागले होते. पडद्यावर मात्र वाचणारा रुग्ण दुर्मीळच राहिला. तपशिलाच्या चुका आजही तशाच आहेत. पहिल्या केमोनंतर केस गळायला दोन-तीन आठवडे लागतात, सिनेमात दुसऱ्या दिवशी टक्कल. तेही भुवया आणि पापण्या शाबूत ठेवून. स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाचा चेहरा सुजून गोल होतो. मेकअपवाला गाल खपाटीला नेतो.

मराठीत हा प्रश्न सगळ्यात धीटपणे हाताळला तो ‘श्वास’ने (२००४). माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा संदीप सावंत यांचा हा सिनेमा ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रीय सुवर्णकमळ देणारा ठरला. कोकणातून आलेले आजोबा (अरुण नलावडे) आणि नातू परशुराम (अश्विन चितळे). आजार रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. गाठ दृष्टीच्या नसेतून मेंदूकडे सरकू शकते, म्हणून अशा ऑपरेशनमध्ये बुबुळासकट अख्खा डोळा आणि मागची नस जमेल तेवढी लांब कापून काढतात. सिनेमातला सर्जन अडून बसतो : दिसणं बंद होणार, हे मुलाला आधी सांगितलंच पाहिजे. इथे मरणाची बातमी नाहीच. वाचल्यानंतर काय गमावलेलं असेल, ही बातमी आहे, आणि ती लहान मुलाला द्यायची आहे. ऑपरेशन पुढे ढकललं जातं तेव्हा आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून निघून जातात, त्याने जग एकदा नीट बघून घ्यावं म्हणून. मला तरी त्या भटकंतीपेक्षा सर्जनचा हट्ट अधिक मोलाचा वाटतो.

एक खुलासा इथेच करायला हवा. रेटिनोब्लास्टोमा बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांत सापडतो; शाळकरी वयात तो विरळा. फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका बाहुलीत लाल ठिपक्याऐवजी पांढरी चमक दिसली किंवा डोळा तिरळा होऊ लागला, तर लगेच नेत्रतज्ज्ञ गाठावा. लवकर सापडला तर केमो आणि लेझरने डोळाही वाचवता येतो. दोन्ही डोळ्यांत असेल तर तो आनुवंशिक असतो, म्हणून पाठच्या भावंडांचे डोळेही तपासतात.

माहितीपटाची गोष्ट निराळी. नट खोटा रिपोर्ट हातात धरू शकतो; खऱ्या रुग्णाला आपला आजार ठाऊक नसेल तर कॅमेरा वॉर्डात शिरूच शकत नाही. ॲलन किंग यांनी ‘डाइंग ॲट ग्रेस’मध्ये (२००३) टोरांटोच्या पॅलिएटिव्ह वॉर्डातले, म्हणजे बरं करण्याऐवजी त्रास कमी करण्यासाठी असलेल्या वॉर्डातले, रुग्णांचे शेवटचे दिवस चित्रित केले. ज्युलिया रायकर्ट आणि स्टीव्हन बॉग्नर यांनी ‘अ लायन इन द हाउस’साठी (२००६) सिनसिनाटीतल्या पाच मुलांच्या कुटुंबांसोबत सहा वर्षं काढली. आपल्याकडे सर्वाधिक लोकांनी पाहिलेला खरा कॅन्सर रुग्ण बहुधा थिएटरमधल्या तंबाखूविरोधी जाहिरातीतला. २ ऑक्टोबर २०१२पासून तंबाखूसेवन दाखवणाऱ्या सिनेमाला सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांच्या अशा चित्रफिती सक्तीच्या झाल्या. २०२३मध्ये तोच नियम ओटीटीला लागला.

अशा माहितीपटाच्या चित्रीकरणाचं वेळापत्रक पेशी ठरवतात. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या तळाला जाते आणि संसर्ग चटकन होतो. त्या आठवड्यात शूटिंग ठेवायचं नाही, आणि एरवीही सर्दी झालेल्या माणसाला युनिटमध्ये घ्यायचं नाही. केमोच्या पुढच्या फेरीच्या एक-दोन दिवस आधी रुग्णाच्या अंगात त्राण असतं, आवाजही सुधारलेला असतो. छातीत पोर्ट (शिरेत औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) बसवलेला असेल तर माइक दुसऱ्या बाजूला लावायचा. शिरेतून औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाची पिपाणी ध्वनिमुद्रणाची वाट लावते, पण तिचा आवाज बंद करायला सांगायचं नाही. तो गजर कामासाठीच असतो. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण, केसपेपरवरचं नाव, भिंतीवरचा बोर्ड फ्रेममध्ये येत नाही ना, हे दर शॉटला बघावं लागतं. संमती एकदा घेऊन भागत नाही. नवा रिपोर्ट आला की पुन्हा विचारायचं, आणि रुग्ण गेला तर चित्रणाचं काय करायचं, हे त्याच्याकडूनच आधी लिहून घ्यायचं.

पण या सगळ्याच्या आधी नातेवाईक कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणतात, आईंना फक्त गाठ आहे असं सांगितलंय, तुमच्या संमतीच्या फॉर्मवर ‘पोटाचे विकार’ एवढंच लिहा. तसं लिहून घेतलेली सही संमती ठरत नाही. अशा वेळी डॉक्टर किंवा समाजसेविका घरच्यांशी बोलतात. सांगायचं की नाही, हे घर ठरवेपर्यंत कॅमेरा बॅगेतच राहतो.