पार्श्वभूमी : विमानातला ‘रिझर्व्ह’ नेमका असतो कुठे?

2023 च्या मे महिन्यात बेळगावच्या सांबरा विमानतळाजवळ होनिहाळच्या शिवारात एक प्रशिक्षण विमान उतरवावं लागलं. बातम्यांत कारण तांत्रिक बिघाडाचं होतं. आमच्याकडे चहाच्या गाड्यावर मात्र निकाल कधीच लागला होता : पेट्रोल संपलं असणार, रिझर्व्हला लावायचं राहिलं असणार. त्या घटनेचा इंधनाशी संबंध जोडायला काही आधार नाही. पण ‘रिझर्व्हला लावणं’ हे शब्द तपासून बघण्यासारखे आहेत, कारण आजच्या बहुतेक छोट्या विमानांत तशी सोयच नसते.

कार्बोरेटरच्या मोटारसायकलीत कॉकला टाकीच्या आत दोन तोंडं असतात, एक उंचावर, एक तळाशी. पेट्रोल वरच्या तोंडाखाली गेलं की गाडी आचके देते, कॉक फिरवला की तळातलं येऊ लागतं. कोल्हापूरकडची मंडळी निपाणी हद्दीतला स्वस्त पंप गाठेपर्यंत वर्षानुवर्षं याच भरवशावर आली. कॉक विमानातही असतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. जुन्या सेस्ना 172 मध्ये तो डावी, उजवी, दोन्ही आणि बंद असा फिरतो. पंख खाली असलेल्या पायपर विमानांत ‘दोन्ही’ नसतंच, दर अर्ध्या तासाच्या आसपास टाकी बदलायची. विसरलात तर उजवीकडे साठ लीटर असतानाही डावी कोरडी पडून इंजिन थांबतं. हे इंधन संपणं नव्हे, इंधन न पोचणं. अमेरिकेतल्या 2011 ते 2015 मधल्या इंधनाच्या अपघातांचा हिशेब झाला तेव्हा 56 टक्के संपण्याचे निघाले आणि 35 टक्के न पोचण्याचे. आपल्या बातम्यांत दोन्हींना ‘इंधन संपलं’च म्हणतात.

मग विमानाचा रिझर्व्ह कुठे? कागदावर. तो लीटरमध्ये नसतो, मिनिटांत असतो. दिवसा, नजरेच्या भरवशावर उडायचं तर मुक्कामी पोचल्यावरही 30 मिनिटं उडता येईल इतकं इंधन, रात्री 45 मिनिटांचं. वाद आहे तो या तिसावर. एका पक्षाचं म्हणणं, हा निघतानाच्या आखणीचा नियम आहे. वाटेत वारा फिरला आणि अर्ध्या तासातली दहा मिनिटं खर्ची पडली तर त्यात मोडलं काय? दुसरा पक्ष म्हणतो, उतरताना टाकीत तासाभराचं हवंच, बाकी हिशेब त्याच्या वरचा. पहिला पक्ष नियमाला धरून आहे, हे मान्य. तरी मला दुसऱ्याचंच पटतं, आणि त्याला कारण आपल्याकडचा पावसाळी वारा.

सांबऱ्याहून कलबुर्गी सरळ रेषेत सुमारे 160 सागरी मैल. 105 नॉटने, म्हणजे तासाला 105 सागरी मैलांनी, जाऊन-येऊन तीन तास तीन मिनिटं. जून-जुलैत दीडेक हजार मीटरवर पश्चिमेच्या वाऱ्याचा जोरदार पट्टा असतो. तो 25 नॉट आणि पूर्ण पाठीशी धरला तर जाताना सव्वा तासाच्या आत पोचता, येताना मात्र दोन तास लागतात. जाताना मिळालेलं येताना फिटत नाही, एकूण अकरा मिनिटं जादाच जातात. आता टाकीत वापरता येईल असं 151 लीटर धरा. वर गेल्यावर हवा विरळ होते, तेव्हा पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ करावं लागतं, म्हणजे त्यातलं पेट्रोल कमी करावं लागतं. ते केलं तर तासाला 32 लीटर, आळस केला तर 38. वारा नसताना 53 लीटर उरणार होते, म्हणजे दीड तासाच्या वर. वारा आणि आळस एकत्र आले की उरतात 28 लीटर, 44 मिनिटं. जमिनीवरचं फिरणं आणि वर चढणं यांचे पाच-सहा लीटर वजा केले की आलोच तिसाच्या दारात. यात वाट चुकलेली नाही, की सांबऱ्यावर ढग उतरल्यामुळे हुबळीला वळावं लागलेलं नाही.

हे सगळं एके काळी डोळ्यांना दिसायचं. टायगर मॉथ या जुन्या विमानाची 19 गॅलनची टाकी वरच्या पंखाच्या मध्यावर, तिच्यावर तरंगीचा काटा. पायपर कबला तर बुचाला लावलेली तार, तार बुडाली की उतरायचं. पुढे टाक्या पंखांत गेल्या, काटा विजेवर चालू लागला आणि वैमानिकाचा त्याच्यावरचा विश्वास उडाला. आता किती इंधन वाहिलं ते मोजणारं यंत्र आलं आहे, पण सुरुवातीला किती भरलं हा आकडा त्याला माणसानेच सांगायचा असतो. तो चुकला की यंत्र शेवटपर्यंत इमानेइतबारे चूकच दाखवतं.

टाकी नेहमी काठोकाठ का भरत नाहीत, याचं उत्तर वजनात आहे. लीटरला 0.72 किलो, म्हणजे 151 लीटर जवळपास 109 किलो. चार माणसं बसवली की तेवढी जागा वजनात राहत नाही.

2021 मध्ये बेळगावला उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी जागा मंजूर झाल्या. या विमानांचं निळसर, शिसं मिसळलेलं पेट्रोल देशात तयार होऊ लागलं ते 2022 मध्ये, गुजरातेत. तोवर सगळं आयातीवर होतं. व्यावसायिक परवान्यासाठी विद्यार्थ्याला किमान 300 सागरी मैलांची फेरी एकट्याने करावी लागते, वाटेत दोन परक्या विमानतळांवर उतरून. निघण्याआधी तो पंखावर चढतो, झाकण उघडतो आणि खुणा केलेली काठी टाकीत बुडवून बघतो.