यॉम किप्पुर म्हणजे ज्यूंचं लेंट का? नाही हो

सप्टेंबर आला की ख्रिस्ती ग्रुप्सवर कोणीतरी टाकतंच की बघा, ज्यू लोकांचं लेंट सुरू झालं. लेंट म्हणजे ईस्टरआधीचा आपला ख्रिस्ती उपासकाळ, आणि यॉम किप्पुर म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस. चूक सहज होण्यासारखी आहे, कारण दोन्हीकडे पश्चात्ताप, दोन्हीकडे उपास, आणि दोन्हीकडे आकडाही चाळीसच. ज्यू परंपरेत एलुल या ज्यू महिन्याच्या सुरुवातीपासून यॉम किप्पुरपर्यंत चाळीस दिवस मोजतात, ते मोशेचे. सोन्याच्या वासराचं प्रकरण झाल्यावर तो पुन्हा डोंगरावर गेला आणि तिश्री या पुढच्या महिन्याच्या दहाव्या दिवशी दहा आज्ञांच्या नव्या पाट्या घेऊन खाली आला, अशी ती मोजणी. आपले चाळीस येशूच्या अरण्यातल्या उपासाचे, आणि तेही रविवार वगळून, म्हणून कॅलेंडरवर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस दिसतात. (आपल्यातल्या बऱ्याच पेंटेकॉस्टल आणि ब्रदरन मंडळ्या लेंट पाळतच नाहीत, त्यांनी इथे कॅथलिक किंवा चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाल्या शेजाऱ्याला डोळ्यापुढे आणावं.)

पण ते चाळीस दिवस घालवायची पद्धत बघा. लेंटमध्ये पहिलाच दिवस कडक, कपाळाला राख, गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली, मग मधे सहा आठवडे ज्याने त्याने आपापलं ठरवलेलं, कोणी मटण सोडतो कोणी दारू कोणी इन्स्टाग्राम, आणि शेवटी गुड फ्रायडे. ज्यूंकडे उलटं आहे, सगळा जोर शेवटाला. एलुलभर सकाळच्या प्रार्थनेत शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग फुंकतात (शब्बाथ म्हणजे शनिवार सोडून), सलिहोत नावाच्या क्षमायाचनेच्या प्रार्थना असतात, पण खाणंपिणं नेहमीसारखंच. मग रोश हशाना, नवीन वर्ष, त्या दिवशी तर उपास सोडाच, मधात बुडवलेलं सफरचंद खातात आणि शोफारचे शंभर नाद होतात. तिथून दहा दिवस, आणि दहाव्या दिवशी यॉम किप्पुर, सुमारे 25 तास अन्न नाही, पाणीसुद्धा नाही, आंघोळ नाही, तेल-अत्तर नाही, चामड्याची चप्पल नाही, नवरा-बायकोचा संग नाही. आपल्याकडे कॅथलिक नियमाने फक्त राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन उपासाचे दिवस, त्यातही एक पूर्ण जेवण चालतं, आणि 59 नंतर तर तेवढीही सक्ती नाही. कडकपणाची स्पर्धा लावायची नाहीये, पण 'आपलं लेंटच ते' असं म्हणताना एवढं तरी माहीत असावं.

आता मला जो भाग खरा महत्त्वाचा वाटतो तो. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथात, योमा या भागात सरळ म्हटलंय की माणूस आणि देव यांच्यातल्या पापांची यॉम किप्पुरने भरपाई होते, पण माणसामाणसातल्या पापांची होत नाही, जोवर तुम्ही त्या माणसाची समजूत काढत नाही. म्हणजे भावाचे पैसे बुडवले आणि 25 तास उपाशी राहून छाती बडवली तर तो हिशोब जागच्या जागी राहतो. बाराव्या शतकात मैमोनिदेस या ज्यू धर्मपंडिताने तर याची पद्धतच लिहून ठेवली, आधी पैसे परत करा, मग माफी मागा, तो नाही म्हणाला तर तीन माणसं घेऊन जा, तरी नाही तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जा. त्यानंतरही तो ऐकत नसेल तर आता दोष त्याचा. आणि ज्याचा अपराध केला तो मेला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि तिथे उभं राहून कबूल करायचं. त्यामुळे त्या दहा दिवसांत लोक फोन करतात, भेटायला जातात, निदान ज्यांना खरंच पाळायचंय ते तरी. बाकी 'कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमस्व' असा एकच मेसेज अख्ख्या काँटॅक्ट लिस्टला पाठवणारे तिथेही आहेत, आपण जैन मित्रांकडून मिच्छामि दुक्कडमचे फॉरवर्ड बघतो ना तसेच.

आता कोणी म्हणेल की हे आपल्याकडेही आहे. आहेच की! मत्तय 5 मध्ये येशू म्हणतो वेदीपाशी अर्पण ठेव तिथेच, आधी जाऊन भावाशी समेट कर. जक्कय हा जकातदार लुबाडलेलं चौपट परत करायला निघाला. पण आपल्या कॅलेंडरमध्ये त्यासाठी राखून ठेवलेला दिवस नाही, ते ज्याच्या त्याच्या मनावर, आणि मनावर सोडलं की काय होतं ते मंडळीतल्या जमिनीच्या आणि कमिटीच्या भांडणांत दिसतंच. लेंटभर चहा सोडलेली माणसं सख्ख्या भावाशी बोलत नाहीत आणि गुड फ्रायडेला मागेपुढे बसून येशूची क्रुसावरची सात वचनं ऐकतात. इथे मला ज्यू पद्धत सरस वाटते, उगाच गोलमोल कशाला बोलू.

छाती बडवणंही दोन्हीकडे आहे. मिस्साच्या सुरुवातीला आपण छातीला हात लावून म्हणतो की माझाच अपराध. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, पापांची यादी अक्षरांच्या क्रमाने चालते, प्रत्येक पापाला एक ठोका, पण सगळं 'आम्ही' करून, आम्ही लुबाडलं, आम्ही खोटं बोललो, ज्याने लुबाडलं नाही तोही म्हणतो कारण समाजात कोणीतरी लुबाडलंय आणि हा त्याच समाजातला. मधे पाद्री किंवा फादर नाही, खाजगी कन्फेशन नाही.

मग फरक तारणाचा आला की आपले लोक पटकन एक वाक्य फेकतात, ते कर्माने मिळवतात आणि आपल्याला कृपेने मिळतं. हे मला अजिबात पटत नाही. त्यांच्या अविनु मलकेनु या प्रार्थनेच्या शेवटच्या ओळीत काय आहे? आमच्यावर कृपा कर, आमच्याकडे दाखवायला कर्मं नाहीत. दानीएल 9 मध्येही तेच, आमच्या नीतिमत्तेवर नाही, तुझ्या दयेवर भिस्त. खरा फरक दुसरीकडे आहे. लेवीय 16 मध्ये यॉम किप्पुरचा जुना मंदिरातला विधी आहे, महायाजक आधी स्वतःसाठी गोऱ्हा अर्पण करतो, मग दोन बकरे, त्यांच्यावर चिठ्ठ्या, एक परमेश्वराला आणि एक अजाजेलासाठी अरण्यात. इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, आणि तो विधी थांबला. तिथून दोन वाटा झाल्या. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, म्हटलं आता पश्चात्ताप, प्रार्थना, दानधर्म यांच्यावर उभं राहू, आणि दरवर्षी राहू. इब्री लोकांस पत्र म्हणतं तो महायाजक येशू, आत एकदाच गेला, पुन्हा जायला नको. म्हणून आपलं लेंट आधीच झालेल्या गोष्टीकडे चालत जातं, शेवटी पुनरुत्थान आहे हे पहिल्या दिवशीच ठाऊक असतं, आणि यॉम किप्पुरच्या संध्याकाळी नईला नावाची शेवटची प्रार्थना दार मिटता मिटताची असते, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवतात ते पवित्र कपाट शेवटपर्यंत उघडं, लोक उभेच, मग शोफारचा एक लांब नाद आणि मंडळी घरी जेवायला.

दार मिटायची ही गोष्ट कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, म्हणजे बेने इस्राएली लोकांना, आपल्या शनवार तेल्यांना (तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून हे नाव), चांगली ठाऊक होती. ते यॉम किप्पुरला दारफाळणीचा सण म्हणत, पांढरे कपडे घालून घरात दार लावून बसायचं, बाहेरच्याशी संबंध नाही, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण, म्हणजे दानधर्म आणि भेटीगाठी. मराठीतच चालायचं हे सगळं, अलिबाग-रेवदंड्याकडे, आणि आपले अर्धे लोक अमेरिकन यूट्यूब चॅनल बघून शोफार ऑनलाइन मागवतात आणि संडे वर्शिपला फुंकतात. शिंग वाजवायला हरकत नाही, पण ज्या दिवशी ते वाजतं त्याच्या आधी फोन करायचे असतात तेवढं विसरू नका.

वाचन मात्र बरंचसं एकच. यशया 58, म्हणजे मला हवा तो उपास कोणता तर भुकेल्याला भाकरी दे, हे सिनेगॉगमध्ये यॉम किप्पुरच्या सकाळी वाचतात आणि कॅथलिक चर्चमध्ये राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी. योना तिथे दुपारी पूर्ण वाचतात, निनवेसाठी, की एवढं मोठं पापी शहर वळलं तर आपण का नाही. आपण लेंटच्या पहिल्या आठवड्यात निनवेचा भाग वाचतो खरा, पण प्रवचन निघतं माशाच्या पोटातल्या तीन दिवसांवर. आणि प्रेषितांची कृत्ये 27 मध्ये पौलाचं जहाज अडकलंय तिथे 'उपासाचा दिवसही निघून गेला होता' असं येतं, तो उपास म्हणजे यॉम किप्पुरच, त्यानंतर भूमध्य समुद्र खवळतो म्हणून.

2026 मध्ये राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला, यॉम किप्पुर 20 सप्टेंबरच्या सूर्यास्तापासून 21 च्या रात्रीपर्यंत. ज्यू मित्र असेल तर रोश हशानाला खुशाल नववर्षाच्या शुभेच्छा द्या, यॉम किप्पुरला 'हॅपी' लावू नका, उपास सोपा जावो एवढं पुरे, आणि तेही 20 तारखेच्या दुपारपर्यंत कळवा, नंतर फोन कोणी उचलणार नाही.