प्रॉम्प्टच्या युक्त्या आल्या कुठून?

चॅटजीपीटीसारख्या एआय मॉडेलला काम सांगायला आपण जो मजकूर लिहितो, तो प्रॉम्प्ट. ‘१०० जबरदस्त प्रॉम्प्ट’ छापाच्या ज्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांतल्या बऱ्याच युक्त्या जुन्या मॉडेलांच्या उणिवा झाकायला निघाल्या होत्या. उणीव गेली, युक्ती मात्र पाठ करणं चालूच आहे.

२०१९ मध्ये ओपनएआय कंपनीचं जीपीटी-२ हे मजकूर लिहिणारं मॉडेल आलं. त्याला आज्ञा कळत नसे. समोरच्या मजकुरापुढे काय येईल, एवढाच अंदाज ते बांधायचं. म्हणून संशोधकांनी लेखाच्या शेवटी ‘टीएल;डीआर’ ही अक्षरं जोडून पाहिली. लांबलचक पोस्टचा सार सांगण्याआधी नेटकरी हीच अक्षरं लिहितात. मॉडेलने ती खूण ओळखली आणि सारांश लिहायला घेतला. सारांश यथातथाच होते, पण काम मागायची एक रीत सापडली. पुढच्या वर्षी १७५ अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे शिकताना जुळवल्या जाणाऱ्या तितक्या आकड्यांचं, जीपीटी-३ आलं. नमुन्यादाखल चार-दोन प्रश्नोत्तरं प्रॉम्प्टमध्ये दिली, की वेगळं प्रशिक्षण न देताही ते त्याच धर्तीवर पुढचं उत्तर देई. गंमत अशी, की त्याच नमुन्यांचा नुसता क्रम बदलला तरी उत्तरांचा दर्जा कोसळू शकतो, हे २०२१ मधल्या अभ्यासांत दिसलं. थोडक्यात, तेव्हाचं प्रॉम्प्ट लिहिणं म्हणजे हवं ते उत्तर ओघानेच यावं अशी मजकुराची मांडणी करणं.

खरी उलथापालथ २०२२ मध्ये झाली. जानेवारीत गूगलच्या जेसन वेई आणि सहकाऱ्यांनी नमुन्यांत नुसत्या उत्तराऐवजी गणिताच्या पायऱ्याही लिहिल्या, आणि मोठी मॉडेलं गणितात एकदम सुधारली. मे महिन्यात टोकियो विद्यापीठाचे ताकेशी कोजिमा आणि सहकाऱ्यांनी नमुनेही काढून टाकले. ‘लेट्स थिंक स्टेप बाय स्टेप’ (पायरीपायरीने विचार करू या) एवढंच वाक्य जोडल्यावर अंकगणिताच्या एका चाचणीत अचूकता १७.७ टक्क्यांवरून ७८.७ टक्क्यांवर गेली. यात जादू नाही. मॉडेल एकेक तुकडा लिहीत जातं आणि लिहिलेलंच पुन्हा वाचून पुढे सरकतं. थेट उत्तर मागितलं, तर मधली आकडेमोड करायला त्याला जागाच उरत नाही.

माझ्या मते त्या वर्षीची याहून मोठी घटना म्हणजे ओपनएआयचं इन्स्ट्रक्टजीपीटी. माणसांनी उत्तरांची प्रतवारी करून शिकवलेल्या १.३ अब्ज पॅरामीटरच्या मॉडेलची उत्तरं लोकांना १७५ अब्जांच्या जीपीटी-३ पेक्षा जास्त पसंत पडली. साध्या भाषेत सांगितलेलं काम मॉडेलला कळू लागलं ते या शिकवणीने, आणि ३० नोव्हेंबरला आलेलं चॅटजीपीटी याच वाटेवरचं. चित्रं काढून देणाऱ्या एआय साधनांत तेव्हा प्रत्येक प्रॉम्प्टला ‘ट्रेंडिंग ऑन आर्टस्टेशन’ (आर्टस्टेशन ही चित्रकारांची वेबसाइट) असं शेपूट लावायची टूम होती, तीही ओसरली.

सप्टेंबर २०२४ मध्ये ओपनएआयच्या ओ१ सारखी स्वतःच आधी विचार करणारी मॉडेलं आली. त्यांना पायरीपायरीने विचार करायला सांगू नका, प्रॉम्प्ट साधा आणि थेट ठेवा, असं ओपनएआयनेच सुचवलं. कोजिमांचं वाक्य दोन-अडीच वर्षांत जवळपास निवृत्त झालं! आता भर आहे तो मॉडेलसमोर कोणती कागदपत्रं, किती आणि कुठे ठेवायची यावर. लांब मजकुराच्या मधोमध दडलेली माहिती मॉडेलकडून जास्त निसटते, हे २०२३ मध्येच एका अभ्यासाने दाखवलं होतं. त्यामुळे पन्नास पानी अहवाल चिकटवताना हवा तो परिच्छेद वर काढून ठेवणं हे कुठल्याही तयार प्रॉम्प्टपेक्षा उपयोगी.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक भुर्दंड होता. मॉडेल मजकुराचे टोकन, म्हणजे छोटे तुकडे, पाडतं, आणि जुनी पद्धत देवनागरीचे फार बारीक तुकडे करायची. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात एकाच मराठी मजकुराचे टोकन ९६ वरून ३३ वर आले. एपीआयचं, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून मॉडेल वापरायच्या सोयीचं, बिल टोकनवर लागतं आणि एका वेळी किती मजकूर मावेल तेही त्यावरच ठरतं. त्यामुळे खर्च वाचवायला इंग्रजीत प्रॉम्प्ट लिहायचं कारण तेव्हापासून बरंच लंगडं पडलं.