दख्खन ट्रॅपमधील पुराचुंबकत्व

लाव्हा थिजताना त्यातील लोहयुक्त खनिजांत त्या वेळच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा टिकून राहते. अशा जुन्या नोंदी वाचण्याच्या शास्त्राला पुराचुंबकत्व म्हणतात. महाराष्ट्राचा बहुतांश भाग व्यापणारा दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक (दख्खन ट्रॅप), या शास्त्रात महत्त्वाचा आहे. भारत दक्षिण गोलार्धातून उत्तरेकडे सरकला याचा मोजता येणारा पुरावा ज्या थोड्या खडकांनी आरंभीच दिला, त्यांत त्याची गणना करावी लागते.

बेसाल्टमधील चुंबकीय खनिज मुख्यतः टायटॅनोमॅग्नेटाइट होय. शुद्ध मॅग्नेटाइटचे क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर खनिजाचे स्थायी चुंबकत्व नाहीसे होते ते तापमान, सुमारे ५८०° से. असून टायटॅनियमचे प्रमाण वाढते तसे ते उतरते. खडक या तापमानाखाली निवला की सूक्ष्म कणांचे चुंबकत्व क्षेत्राच्या दिशेने स्थिरावते व कोट्यवधी वर्षे टिकू शकते. या टिकाऊपणाची सैद्धांतिक उपपत्ती लुई नेएल यांनी १९४९ मध्ये मांडली. नमुन्यावरून दिक्पात (चुंबकीय दिशेचा खऱ्या उत्तरेशी होणारा कोन) व नती (तिचा क्षितिजसमांतर पातळीशी होणारा कोन) मोजतात. क्षेत्र दीर्घकालीन सरासरीने पृथ्वीच्या अक्षाशी जुळणारे द्विध्रुवी होते असे गृहीत धरल्यास नतीचा टॅन अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट येतो. एकाच थरातील दिशा क्षणिक असते. म्हणून सरासरीसाठी अनेक थर लागतात.

काही खडकांचे चुंबकत्व आजच्या क्षेत्राच्या उलट असते हे बर्नार ब्रून यांनी फ्रान्समधील लाव्हा व त्याने भाजलेल्या मातीवरून १९०६ मध्ये दाखवले. मातुयामा यांनी १९२९ मध्ये या उलटेपणाचा संबंध खडकांच्या वयाशी जोडला. मात्र उलटले ते क्षेत्र की खडकच, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. जपानमधील हारुना ज्वालामुखीचा डेसाइट (एक लाव्हाजन्य खडक) प्रयोगशाळेत निववताना खरोखरच उलट दिशेने चुंबकित होतो, असे नागाता व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळल्याने शंकेला बळ मिळाले. असे स्वयं-उलटणारे खडक विरळाच आढळतात. निरनिराळ्या खंडांतील समवयस्क लाव्हांची ध्रुवता (चुंबकत्व आजच्यासारखे म्हणजे सरळ, की उलट) सारखीच निघते, हे कॉक्स, डोएल व डॅलरिंपल यांच्या १९६० च्या दशकातील कामाने स्पष्ट झाले. त्यानंतर क्षेत्रच उलटते हे मत सर्वमान्य झाले.

दख्खनच्या नमुन्यांवर क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये महत्त्वाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खालच्या थरांतील दिशा साधारण आग्नेयेकडे व खाली झुकलेली, तर वरच्या थरांतील वायव्येकडे व वर उचललेली आढळते. येथे एक अडचण आहे. खाली झुकलेली दिशा उत्तर गोलार्धातील सरळ ध्रुवतेची असू शकते, तशीच दक्षिण गोलार्धातील उलट ध्रुवतेचीही. पहिला अर्थ घेतल्यास भूखंड सुमारे दीडशे अंशांनी फिरला असे मानावे लागते. दुसऱ्या अर्थाने केवळ तिसेक अंशांचे डावे वळण पुरते. झारखंडमधील राजमहाल टेकड्यांचा अधिक जुना बेसाल्ट आणखी दक्षिणेचे अक्षांश दाखवतो आणि हिंदी महासागराच्या तळावरील चुंबकीय पट्टेही उत्तराभिमुख प्रवासच सांगतात. त्यामुळे दुसरा अर्थच ग्राह्य ठरतो. त्यानुसार उद्रेकाच्या वेळी हा प्रदेश सुमारे ३०° दक्षिण अक्षांशावर होता, म्हणजे तेव्हापासून तो जवळजवळ ५० अंश उत्तरेस आला.

उद्रेकाच्या कालमर्यादेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुन्या पोटॅशियम-आर्गॉन या किरणोत्सर्गी मापनांतून आलेली वये काही कोटी वर्षांच्या पट्ट्यात विखुरलेली होती. सह्याद्रीतील जाड थरसमूह बव्हंशी एकाच उलट कालखंडात, २९ आर मध्ये (ध्रुवता-कालक्रमातील क्रमांक २९ चा उलट, म्हणजे ‘रिव्हर्स’, भाग), बसतो या विचाराने १९८० च्या दशकात ही मर्यादा आक्रसली. हा कालखंड साधारण सहा ते सात लाख वर्षांचा असून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची क्रिटेशस-समाप्ती, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाले तो काळ, त्यातच येते. उलटकडून सरळ ध्रुवतेकडील संक्रमण महाबळेश्वर थरसमूहात आढळते. हे संक्रमण घाटभर ठराविक उंचीवर शोधण्याचा प्रयत्न झाला, पण थरांना दक्षिणेकडे मंद उतार असल्याने उंची हा निकष विश्वसनीय नाही. रासायनिक घटकांवर आधारलेला स्तरक्रमच वापरावा. ध्रुवता स्वतः वय सांगत नाही, तिला किरणोत्सर्गी मापनाचा आधार लागतो. २०१९ मध्ये युरेनियम-शिसे व आर्गॉन-आर्गॉन पद्धतींनी काढलेल्या कालक्रमांत सर्वांत मोठा उद्रेक क्रिटेशस-समाप्तीच्या वेळच्या उल्कापाताच्या आधीचा की नंतरचा यावर मतभेद राहिला. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत उरकले याला मात्र दोन्ही पुष्टी देतात.

क्षेत्रकार्यात बेसाल्टच होकायंत्र बिघडवतो, म्हणून नमुन्याची दिशा सूर्याच्या साहाय्याने ताडून घेतात. माथ्यावरच्या कातळावर वीज पडल्यास मूळ नोंद झाकोळते. असे दुय्यम चुंबकत्व नमुना टप्प्याटप्प्याने तापवून किंवा प्रत्यावर्ती क्षेत्रात ठेवून काढून टाकतात. कोकणात पनवेल वाकणीच्या, म्हणजे थर वाकलेल्या, पट्ट्यात थर पश्चिमेकडे कललेले आहेत. तेथील मापनांना कल-दुरुस्ती आवश्यक असते.