स्तनपुनर्रचनेसह स्तनच्छेदन : पूर्वतयारी आणि नंतरचा काळ

स्तनाच्या कर्करोगामुळे, किंवा बीआरसीए जनुकांतील दोषामुळे त्याचा धोका फार मोठा असल्यास तो होण्यापूर्वीच, संपूर्ण स्तन काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला स्तनच्छेदन (मॅस्टेक्टॉमी) म्हणतात. त्या जागी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून, किंवा रुग्णाच्याच पोटातील अथवा पाठीतील ऊती वापरून स्तनाचा आकार पुन्हा घडवणे म्हणजे स्तनपुनर्रचना. ती त्याच भुलीखाली करता येते, तसेच सर्व उपचार आटोपल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही करता येते. गाठ लहान असल्यास केवळ गाठ काढून रेडिएशन देणे हा जगण्याच्या दृष्टीने तितकाच सुरक्षित मार्ग असल्याचे दीर्घकालीन अभ्यासांतून सिद्ध झाले आहे; त्यामुळे संपूर्ण स्तन काढण्याची गरज आहे का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जायला हवा.

अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी 1882 पासून रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथीही काढल्या जात, आणि मागे बरगड्यांवर ताणलेली कातडी तेवढी उरे. इटलीचे इजिनिओ टान्सिनी यांनी 1906 मध्ये ती जागा पाठीच्या स्नायूने झाकली. 1962 मध्ये टेक्सासमध्ये क्रोनिन आणि गेरो यांनी पहिले सिलिकॉन इम्प्लांट बसवले, 1982 मध्ये हार्ट्रॅम्फ यांनी पोटाचा स्नायू व चरबी वर आणण्याची पद्धत मांडली, आणि पुढच्या दशकात पोटाचा स्नायू न कापता केवळ त्वचा, चरबी व बारीक रक्तवाहिन्या घेण्याची ‘डीप फ्लॅप’ पद्धत विकसित झाली (फ्लॅप म्हणजे रक्तवाहिन्यांसह दुसऱ्या जागी बसवलेला ऊतींचा तुकडा). रक्तपुरवठा शाबूत ठेवून शरीराचा एक भाग दुसरीकडे वळवण्याचे तत्त्व मात्र याहून पुष्कळ जुने आहे. कपाळाच्या कातडीतून नाक घडवण्याच्या, पुण्यात झालेल्या शस्त्रक्रियेचे वर्णन 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले, आणि युरोपीय शल्यचिकित्सकांचे लक्ष या तंत्राकडे वेधले गेले.

पद्धत निवडताना शरीराची ठेवण, आधीच्या शस्त्रक्रिया, मधुमेह आणि विशेषतः रेडिएशन यांचा विचार होतो. रेडिएशनमुळे इम्प्लांटभोवतीचे आवरण आवळून स्तन कडक व वेडावाकडा होण्याची शक्यता वाढते. अशा वेळी स्वतःच्या ऊतींचा फ्लॅप सहसा अधिक चांगला टिकतो. इम्प्लांटची शस्त्रक्रिया तुलनेने छोटी असते, पण इम्प्लांट जन्मभर टिकेल असे गृहीत धरता येत नाही. डीप फ्लॅपला बहुधा सहा ते आठ तास लागतात आणि छातीबरोबर पोटावरही मोठी जखम होते. पुनर्रचना न करता सपाट छाती ठेवणे, किंवा ब्रामध्ये बसणारा कृत्रिम स्तन वापरणे, हाही पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो आणि त्यात काही अपुरे राहिले असे समजण्याचे कारण नाही. परंतु हे पर्याय रुग्णासमोर शस्त्रक्रियेच्या आधी ठेवले गेले पाहिजेत. ‘जीव वाचतोय ना, मग बाकीचे कशाला’ असे म्हणून घरातल्यांनी हा विषय मिटवणे अन्यायाचे आहे, कारण त्या शरीरात पुढची वर्षे त्या स्त्रीलाच काढायची असतात.

पूर्वतयारीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट तंबाखूबंदी. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्वचेच्या कडा काळ्या पडतात आणि फ्लॅप मरूही शकतो. म्हणून किमान चार आठवडे आधी तंबाखू बंद करावी लागते. महाराष्ट्रात याचा खरा अर्थ बहुधा मिश्री असा असतो. विडी-सिगारेट कधीही न ओढलेली बाई डॉक्टरांच्या प्रश्नाला मनापासून ‘नाही’ म्हणते, आणि रोज सकाळी व दुपारी हिरड्यांना लावायची मिश्री तिच्या मनातही येत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे, त्यामुळे हा प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारावा. रक्तातील साखर आटोक्यात आणणे, हिमोग्लोबिन वाढवणे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घरगुती काढे व चूर्णे यांचीही डॉक्टरांना कल्पना देणे आवश्यक असते. घरी पुढून उघडणारे गाऊन, पाठीमागे टेकायला उशा आणि रोजच्या वापराचे डबे कमरेच्या उंचीवर आणून ठेवावेत. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उभे करून त्वचेवर पेनाने खुणा केल्या जातात, कारण आडवे झाल्यावर स्तनाची जागा बदलते.

फ्लॅप केल्यानंतरचे पहिले 48 तास कसोटीचे असतात. परिचारिका ठरावीक वेळाने फ्लॅपला बोट लावून ऊब पाहते, हलके दाबून पांढरी पडलेली जागा किती वेळात पुन्हा गुलाबी होते ते मोजते, आणि डॉप्लर यंत्रावर रक्ताचा ठोका ऐकते. फ्लॅप थंड व फिकट पडला तर रक्त पोचत नाही, निळसर होऊन सुजला तर परत जात नाही. दोन्ही वेळी तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते.

घरी येताना बहुधा एक-दोन ड्रेन, म्हणजे जखमेतला स्राव बाहेर काढून टोकाच्या डबीत साठवणाऱ्या नळ्या, सोबत असतात. त्वचेजवळ नळी एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीने खालपर्यंत पिळत नेली म्हणजे आतल्या गुठळ्या पुढे सरकतात; मग डबीतला स्राव मोजून वहीत लिहायचा. लालसर स्राव हळूहळू पिवळट होतो, आणि दिवसाला सुमारे 20 ते 30 मिलिलिटरपर्यंत उतरला की ड्रेन काढतात. याला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. गळ्यात अडकवलेल्या कापडी पिशवीत डबी ठेवली तर नळी ओढली जात नाही. पोटाचा फ्लॅप असलेली स्त्री पहिले काही दिवस वाकून चालते आणि गुडघ्याखाली उशी घेऊन झोपते. कळशी उचलणे, कणीक मळणे, लहान मुलाला कडेवर घेणे ही कामे साधारण सहा आठवडे टाळावी लागतात. मूठ उघडणे-मिटणे व कोपर वाकवणे बहुधा लगेच सुरू होते. भिंतीवर बोटांनी वर चढण्याचा व्यायाम डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर करायचा, कारण खांदा आखडला की तो सुटायला फार काळ लागतो. ताप, वाढती लाली, पू, एका बाजूची अचानक सूज, पोटरीत दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. काखेतील ग्रंथी काढल्या असतील तर हात सुजण्याचा धोका अनेक वर्षे राहतो.

नव्या स्तनाला पूर्वीची संवेदना बहुधा येत नाही, आणि हे आधी सांगितले गेले नाही तर तो धक्का मोठा असतो. बधिर त्वचेला चटका कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने शेकताना अशा त्वचेवर फोड आल्याच्या नोंदी आहेत, म्हणून छातीवर किंवा पोटाच्या बधिर भागावर शेक घेऊ नये. एक्सपांडर (त्वचेखाली बसवायची, फुगवता येणारी तात्पुरती पिशवी) बसवला असल्यास त्यात काही आठवडे थोडे थोडे सलाइन भरून त्वचा ताणली जाते आणि नंतर दुसऱ्या शस्त्रक्रियेत कायमचे इम्प्लांट बसवतात. दोन्ही बाजू जुळवण्यासाठी दुसऱ्या स्तनावरही शस्त्रक्रिया करावी लागू शकते. स्तनाग्र तयार करणे किंवा गोंदून घेणे हे काम सूज पूर्ण उतरून आकार स्थिरावल्यावर, म्हणजे काही महिन्यांनी होते, आणि ब्लाउजचे नवे माप तोवर थांबूनच द्यावे.