उतरत्या घारीचा अंगठा

पक्ष्याचा चांगला फोटो कसा असावा हे जणू ठरूनच गेलंय. फांदीवर डौलात बसलेला पक्षी, डोळ्यात उजेडाचा ठिपका, मागे धूसर हिरवाई. दिसतो सुरेख, वाद नाही. पण पक्षी म्हणजे आजही जिवंत असलेले डायनासोर, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर असा फोटो फारसा कामाचा नाही. पंख मिटलेले, पाय अर्धे पिसांत. आतला सांगाडा चालतो कसा, याचा काही पत्ताच लागत नाही. डायनासोर सापडतो तो आपण एरवी डिलीट करून टाकतो त्या फोटोंत. उतरताना, मान खाजवताना, आळस देताना वेडावाकडा झालेला पक्षी तिथे असतो.

‘जिवंत डायनासोर’ हे नुसतं कौतुकाचं बोलणं नाही. टी. रेक्स आणि व्हेलोसिरॅप्टर ज्या थेरोपॉड गटातले, त्याच गटाची एक शाखा म्हणजे पक्षी. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारातून डायनासोरांची तेवढीच शाखा तगली. (आकाशात उडणारे टेरोसॉर यात धरायचे नाहीत. ते डायनासोरांचे भाऊबंद, पक्ष्यांचे पूर्वज नव्हेत.) जर्मनीत १८६१ मध्ये आर्किऑप्टेरिक्स या प्राचीन पक्ष्याचा सांगाडा मिळाला तेव्हाच नात्याचा सुगावा लागला होता. अंगावर पिसं, पण तोंडात दात आणि मागे हाडांची लांब शेपटी. इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांनी डायनासोरांशी असलेलं हे नातं मांडलंही. पुढे विषय मागे पडला आणि पुन्हा वर आला तो अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रम यांनी १९६९ मध्ये डायनोनिकसचं वर्णन केल्यानंतर. या चपळ शिकारी डायनासोरच्या मनगटात एक अर्धचंद्राकृती हाड होतं, आणि त्यामुळे त्याचा पंजा बाजूला वळून दुमडता यायचा. कबूतर पंख मिटतं तेव्हा त्याचं मनगट तसंच वळतं.

हे बघायचं तर आळस देणारा पक्षी गाठावा. तो एका बाजूचा पंख आणि त्याच बाजूचा पाय एकदम ताणतो. खांदा, कोपर, मनगट आणि बोटांचा भाग अशी सगळी मांडणी त्या दोन-तीन सेकंदांत उघडी पडते. आधी एक पाय किंचित मागे सरकतो, तीच खूण समजून बटण दाबून ठेवायचं.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा फोटो मात्र उतरत्या पक्ष्याचा. घार किंवा बगळा बसायला येताना वेग कमी करतो आणि पंख जवळजवळ उभे धरतो. अशा वेळी पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडू लागते, आणि ती सुटली की पक्षी कोसळणार. नेमक्या त्या क्षणी पंखाच्या पुढच्या कडेवर, मनगटाजवळ, चार-दोन पिसांचा एक छोटा झुबका वर उचलला जातो. हा अल्युला. त्याच्या आत आहे ते हाताचं पहिलं बोट, म्हणजे आपल्या बोलीत अंगठा. या झुबक्यामुळे हवा पंखाला धरून राहते. पक्ष्याच्या हाताला तीनच बोटं उरली आहेत, आणि हा वारसा थेट शिकारी डायनासोरांकडून आलेला आहे. स्पेनमधल्या लास होयास इथे सापडलेल्या इओअल्युलाविस या क्रिटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या काळातल्या पक्ष्याच्या जीवाश्मात हा झुबका आधीच हजर आहे. नुसत्या डोळ्यांना तो क्वचितच दिसतो. सेकंदाचा २०००वा भाग इतका शटर स्पीड, सलग फोटो आणि पक्षी वाऱ्याच्या तोंडाला उतरतो हे लक्षात ठेवून निवडलेली जागा, एवढं जमलं की अंगठा हमखास मिळतो.

आता पाय. बगळ्याचा गुडघा उलटा वाकतो असं वाटतं, पण तो गुडघा नव्हेच, तो घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत दडलेला असतो. म्हणजे बगळा सदोदित बोटांवर चालतो, टाच हवेत ठेवून. टी. रेक्सही तसाच चालायचा, पुढे वळलेल्या तीन बोटांवर. फरक आहे तो मांडीत. डायनासोरांना मागे जड शेपटी असे, त्यामुळे मांडीचं हाड बरंचसं उभं राही आणि चालताना तेच हले. पक्ष्यांची शेपटी आखूड झाली, तोल पुढे सरकला, मांडी आडवी झाली. चिलीतल्या संशोधकांनी कोंबडीच्या पिल्लांना वजनदार नकली शेपट्या लावून वाढवलं आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापले. ती पिल्लं मांडी जास्त उभी धरून, कमरेपासून पाय हलवत चालू लागली होती! विज्ञानातला इतका खोडकर आणि इतका नेमका प्रयोग विरळाच.

रंगासाठी कावळा. फोटोग्राफर त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, कारण काळ्या पिसांचा फोटोत नुसता डाग होतो. तिरक्या उन्हात, एक्स्पोजर थोडं वाढवून पाहा, पाठीवर निळसर-जांभळी झाक उमटते. चीनमध्ये सापडलेल्या मायक्रोरॅप्टर या चार पंखांच्या डायनासोरची पिसंही अशीच चमकदार काळी होती. त्यातल्या रंगकणांचा आकार आजच्या पक्ष्यांच्या पिसांशी ताडून २०१२ मध्ये संशोधकांनी हे सांगितलं.

राहिलं घरटं. गोबीच्या वाळवंटात १९९३ मध्ये एक थेरोपॉड सापडला, अंड्यांच्या कड्यात बसलेला, दोन्ही हात अंड्यांवर पसरलेले, अगदी उबवणाऱ्या पक्ष्यासारखा. साहजिकच तशा फोटोचा मोह होतो. तो आवरावा. लांबच्या लेन्सनं सहज मिळाला तर मिळाला, फांदी वाकवून नको. पक्षी उठला की अंडी उघडी पडतात आणि तेवढ्यात कावळा डाव साधतो. त्याला तरी काय बोलणार, तोही डायनासोरच.