वजन उतरवताना भाकरी-भात : बेळगाव सीमाभाग

वजन कमी करताना कर्बोदके किती, कोणती आणि कशासोबत खावीत, हा या नोंदीचा विषय आहे. भाकरी, भात, चपाती, पोहे, चुरमुरे, बटाटा, रताळे, साखर, गूळ हे सारे प्रामुख्याने कर्बोदकांचे पदार्थ. मराठी शाळेच्या पुस्तकात त्यांना ‘पिष्टमय पदार्थ’ म्हणत, कन्नड शाळेत ‘शर्करपिष्ट’ म्हणतात आणि जिमला जाणारी पोरे नुसते ‘कार्ब’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरात कुणी ‘डाएट चालू केलंय’ म्हणाले की त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो : भात बंद केलाय. पुढे चपातीही बंद होते आणि तिच्या जागी भाकरी येते. या दोन्ही निर्णयांत थोडे तथ्य आहे आणि बराच गैरसमज.

शिवार आणि ताट

बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस कमी होत जातो आणि त्याबरोबर ताटही बदलते. मलप्रभा जिथे उगम पावते ते कणकुंबी आणि एकूणच खानापूरचा जंगलपट्टा धो धो पावसाचा. तिथे भात आणि नाचणी. पूर्वेला सौंदत्ती, रामदुर्गकडच्या काळ्या रानात ज्वारी. जुनी माणसे तिला अजून जोंधळाच म्हणतात. कृष्णाकाठच्या चिकोडी, रायबाग, अथणीकडे ऊस. बेळगाव शहर या तिन्हींवर जगते : सकाळी पोहे, दुपारी भाकरी, तिच्यावर भात आणि दिवसभर साखरेचा चहा.

शहराला लागून असलेल्या यळ्ळूर, धामणे, शहापूर, वडगावच्या शिवारात भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर आणि हरभरा येतो. वजनाच्या दृष्टीने हा तपशील फार मोलाचा आहे. ज्या जमिनीत भात त्याच जमिनीत डाळ, म्हणजे इथल्या ताटात प्रथिने कमी पडावीत असे खरे तर काहीच कारण नाही. तरी ती कमी पडतात, कारण आमटी पातळ होत गेली आणि भाताचा ढीग तेवढाच राहिला. हे केवळ इथलेच नाही. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या मधुमेहावरच्या देशव्यापी पाहणीच्या २०२५ मधील निष्कर्षानुसार भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते.

भात सोडल्यावर पहिल्या आठवड्यात

एक ग्रॅम कर्बोदकातून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, प्रथिनातूनही तेवढीच, तर तेला-तुपातून ९. कर्बोदक स्वतः चरबीपेक्षा जड नाही. वजन वाढते ते खर्चापेक्षा जास्त ऊर्जा पोटात गेल्याने, मग ती भातातून जावो वा शेंगदाण्याच्या चटणीवर ओतलेल्या तेलातून.

तरीही भात-भाकरी सोडणाऱ्याचे वजन पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलोने उतरते आणि त्याचा या उपायावर विश्वास बसतो. यामागची गोष्ट अशी : शरीर काही कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवते, यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. कर्बोदके एकदम कमी केली की हा साठा खर्ची पडतो आणि त्यातले पाणी लघवीवाटे निघून जाते. वजनकाट्यावर दिसते ते बहुतांशी हे पाणी. चरबी एक किलो उतरायला सुमारे ७,७०० किलोकॅलरींची तूट लागते. रोज ५०० किलोकॅलरी कमी खाल्ल्या तरी पंधरवडा जातो.

पिष्टमय पदार्थ सोडून वजन घटवण्याचा विचार नवा नाही. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये या पद्धतीने आपले वजन कसे उतरले ते सांगणारी पत्रिका छापली होती. अमेरिकेत रॉबर्ट ॲटकिन्स यांनी १९७२ नंतर तीच वाट लोकप्रिय केली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका अभ्यासात ६०९ जणांचे दोन गट करून एकाला कमी चरबीचा आणि दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर दिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा : पहिल्या गटाचे सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांना साखर, मैदा आणि पाकीटबंद खाणे टाळून भरपूर भाज्या खायला सांगितले होते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या अभ्यासातून घेण्यासारखी गोष्ट तीच आहे.

भाकरी की चपाती

सीमाभागात या प्रश्नावर घराघरांत वाद होतो, म्हणून तो नीट मोजून पाहावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत ३३४ किलोकॅलरी, सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम तंतू असतात. गव्हाच्या १०० ग्रॅम कणकेत ३२० किलोकॅलरी, साडेदहा ग्रॅम प्रथिने आणि ११ ग्रॅमच्या वर तंतू. म्हणजे पिठाच्या हिशेबात दोघी जवळपास बरोबरीच्या. फरक पडतो तो आकारात.

भाकरी करताना पाहावे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन, म्हणजे पीठ ताणू देणारे चिवट प्रथिन, नसते, त्यामुळे ते ताणले की तुटते. म्हणून पिठात उकळते पाणी घालतात. त्याने पिष्ट फुलते, चिकट होते आणि पीठ धरून राहते. मग परातीत तळव्याच्या टाचेने रगडून गोळा करायचा, कोरडे पीठ भुरभुरून तळहाताने फिरवत थापायचा, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि शेवटी आरावर धरली की पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते. एवढे सगळे करताना गोळा किती घेतला हे बाईचा हात ठरवतो, आणि तो हात शेतातून येणाऱ्या माणसाच्या मापाने तयार झालेला असतो. ताटभर रुंदीच्या एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ सहज लागते, खेड्यात १००. सत्तर ग्रॅमच्या भाकरीत साधारण २३५ किलोकॅलरी. पंचवीस ग्रॅमच्या फुलक्यात ८०. ज्याने तीन फुलक्यांच्या जागी दोन भाकरी सुरू केल्या त्याचे खाणे २४० वरून ४७० वर गेले, आणि वजन का उतरत नाही म्हणून तोच बिचारा कष्टी होतो.

भाकरीची बाजू खरी आहे ती दुसऱ्या कारणाने. तिला तेल लागत नाही; घडीच्या चपातीत एक चमचा तेल गेले की ४५ किलोकॅलरी वाढल्या. ती चावून खावी लागते, घाईने गिळता येत नाही. आणि तिच्यासोबत पालेभाजी, मसुरीची आमटी, पिठले, कारळ्याची चटणी, कच्चा कांदा, मुळा, मेथी असे जेवण आपोआप येते. मात्र नुसती अदलाबदल पुरत नाही. वर उल्लेखलेल्या ‘इंडियाब’ पाहणीतही पांढरा भात काढून त्याच मापाने गहू किंवा भरडधान्य घातल्याने मधुमेहाचा वा पोटाच्या लठ्ठपणाचा धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण कर्बोदकांतला थोडा वाटा प्रथिनांना दिल्यावर मधुमेहाचा धोका कमी आढळला. ज्वारीच्या कडक, वाळलेल्या रोट्टीचेही तेच. पातळ असल्याने एकीला पीठ कमी लागते आणि मोजायला ती सोपी, पण कुरकुरीत असल्यामुळे गप्पा मारता मारता चार कधी संपल्या ते कळत नाही.

भात

भाताला जितकी बोलणी बसतात तितका तो दोषी नाही. पांढऱ्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये ३५६ किलोकॅलरी, पण तंतू तीन ग्रॅमच्या आतच. तो लवकर पचतो, रक्तातली साखर भराभर चढवतो आणि आमटीबरोबर न चावता आत जातो. बेळगाव बासमतीचा वास घरभर सुटला की दुसरी वाढ नको म्हणणे कठीण, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण सुवासाने उष्मांक बदलत नाहीत, इंद्रायणी असो की बासमती. शिजलेल्या भाताची एक सपाट वाटी, म्हणजे साधारण १०० ते १२० ग्रॅम, दीडशे किलोकॅलरींच्या आतच बसते. वाटीने घेतला तर भात चालतो; डावाने वाढला तर नाही.

शिळ्या भाताबद्दल अलीकडे बरेच बोलले जाते. शिजलेला भात गार झाला की त्यातल्या थोड्या पिष्टाची रचना बदलते आणि ते लहान आतड्यात पचत नाही. साखर चढण्याचा वेग यामुळे काहीसा कमी होतो, हे खरे. उष्मांकांत पडणारा फरक मात्र किरकोळ. भात तासन्‌तास बाहेर ठेवल्यास त्यात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात, म्हणून तो लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावा.

उपवास, चहा आणि कुंदा

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी आणि प्रथिने नावाला. वर शेंगदाण्याचे कूट आणि तूप. त्यापेक्षा रताळे कितीतरी बरे, आणि ते तर बेळगाव तालुक्याचेच पीक. पश्चिम भागातल्या गावांतून पोत्यांनी बाजार समितीत येते. शंभर ग्रॅम रताळ्यात ९० ते ११० किलोकॅलरीच असतात, कारण बाकी बरेचसे पाणी. तेही उकडून खावे. भाजलेल्या रताळ्याने रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा बरीच वेगाने चढते.

ऊसपट्ट्यात ‘साखर सोडली, गूळ खातो’ असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. गुळात थोडी खनिजे असतात, पण उष्मांक साखरेच्या जवळपास तेवढेच. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅम घातली आहे. कपात दोन चमचे साखर घालून चार वेळा चहा घेतला की ४० ग्रॅम झाली. ज्याला एकच गोष्ट बदलायची आहे त्याने भाताआधी इथे हात घालावा, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते. कुंदा ही बेळगावची खव्याची मिठाई आणि लग्नातले मांडे यांचा प्रश्न वेगळा. ते सणासमारंभाचे खाणे आहे आणि तसेच राहिले तर त्याने काही बिघडत नाही. पाहुण्यांसाठी आणलेला कुंदा चार दिवस फ्रिजमध्ये राहतो आणि येता-जाता चमचा चमचा संपतो, नडते ते हे.

ताटाची मांडणी

पोषण संस्थेच्या याच मार्गदर्शिकेत साधारण अर्धे ताट भाज्या-फळांचे सांगितले आहे. इथल्या घरात ते असे बसते : एक भाकरी किंवा एक वाटी भात, दोन्ही नकोत, घट्ट मसूर किंवा मुगाची आमटी वाटीभर, दोन भाज्या, त्यातली एक पाल्याची, कोशिंबीर आणि ताक. मांसाहार करणाऱ्याने अंडे, मासे किंवा मटणाचे तुकडे घ्यावेत, तांबडा तर्रीदार रस्सा बेताने. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीतून भरून निघते. म्हणून भाकरी-आमटी ही जोडी तोडू नये. भाजी आणि आमटी आधी खाऊन भात शेवटी घेतला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे.

मेंदूच्या गरजेच्या हिशेबाने प्रौढाला दिवसाला सुमारे १३० ग्रॅम कर्बोदके सुचवली जातात. त्याहून फार खाली जाणे गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भाकरी-भात अचानक बंद केला तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. औषधाचा डोस आधी बदलून घ्यावा लागतो.

वजनाचा निकष ठरवताना भारतीयांसाठी मापे वेगळी आहेत : बॉडी मास इंडेक्स (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर म्हणजे जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा, कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरपर्यंत. टेप घरात असतोच, आणि पोटाचा घेर काट्यापेक्षा खरे बोलतो. गावची यात्रा झाली की दोन दिवसांत काटा दीड-दोन किलोने पुढे सरकतो आणि महिनाभराची मेहनत पाण्यात गेली म्हणून अनेक जण तिथेच सारे सोडून देतात. त्यातली चरबी थोडीच असते. मिठाने धरलेले आणि ग्लायकोजेनसोबत परत आलेले पाणीच जास्त, आणि चार-पाच दिवस नेहमीचे जेवण सुरू केले की ते उतरते.